कणकुंबीच्या नाक्यावर अडवायचे कोणाला?

माघ-फाल्गुनात काजूला बोंडू धरू लागले की सत्तरीच्या बागायतींत माणसांची वर्दळ वाढते आणि चोर्ल्याचा घाट उतरून खानापूर तालुक्यातील मजूर गोव्यात कामाला येतात. ही ये-जा आजची नव्हे. घाटावर शेतीची कामे नसतात त्या दिवसांत घाटाखाली काजू गोळा करायला माणसे लागतात, इतका सरळ हा व्यवहार आहे. परंतु गेल्या दशकभरात या वर्दळीबरोबर एक भीतीही घाट चढू-उतरू लागली आहे. रानात एखादे माकड मरून पडलेले दिसावे, वाडीतल्या कोणाला कडकडून ताप भरावा आणि दुसऱ्या दिवशी बाजारात एकच बोलणे ऐकू यावे, की ‘माकडताप तिकडून आला’. ‘तिकडून’ म्हणजे कोठून, हे बोलणारा कोठे उभा आहे यावर ठरते. गोव्यात उभे राहिले तर तो कर्नाटकातून आलेला असतो, कणकुंबीत उभे राहिले तर गोव्यातून, आणि दोडामार्गात उभे राहिले तर दोन्हीकडून. मग मागणी होते ती एकच : नाक्यावर माणसे अडवा!

ही भीती पोकळ आहे असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. माकडताप हा जीवघेणा रोग आहे. अचानक चढणारा ताप, फुटून निघणारे डोके, मोडून येणारे अंग आणि काही रुग्णांत हिरड्यांतून, नाकातून, आतड्यांतून होणारा रक्तस्राव ही त्याची लक्षणे. ताप उतरला म्हणून रोगी उठून बसावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप येऊन या खेपेस मेंदूवर परिणाम व्हावा, असेही काहींच्या बाबतीत घडते. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. रोगावर नेमके औषध नाही. शरीरातील पाणी व रक्त यांचा तोल सांभाळीत रोग्याला तारून नेणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. हे सारे ठाऊक असलेल्या माणसाने घाबरू नये असे सांगणे हा उद्धटपणा होईल. आमचे म्हणणे इतकेच आहे, की ही भीती ज्या दिशेला तोंड करून उभी आहे तेथे शत्रू नाही.

कारण माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. रोग्याच्या शेजारी बसल्याने, त्याच्या हातचे पाणी प्यायल्याने, त्याच्याबरोबर एका बसमधून घाट उतरल्याने तो कोणालाही जडत नाही. तो पसरविते रानातली गोचीड. पावसाळा संपल्यावर गोचिडीची बारीक पिल्ले पातेऱ्यात वाढू लागतात आणि थंडीपासून वैशाखापर्यंत त्यांचा सुळसुळाट असतो. खसखशीच्या दाण्याएवढी ही पिल्ले अंगावर चढलेली कळतही नाहीत. काजूच्या हंगामाचे महिने नेमके हेच, आणि काजू वेचण्याचे काम झाडाखाली, वाकून, पातेऱ्यात हात घालूनच करावे लागते. गोठ्यात पसरायला किंवा भाजावळीला पातेरा गोळा करणाऱ्या बायकांचीही तीच गत. ज्यांना जंगलाशिवाय पोट भरता येत नाही त्यांनाच हा रोग गाठतो. तापाचा रोगी नाक्यावर अडवून गोचीड अडत नाही, एवढी साधी गोष्ट या सर्व गलबल्यात कोणी बोलत नाही.

रोगाचा दोष परक्यावर टाकण्याची रीत मात्र या रोगाच्या जन्मापासूनची आहे. १९५७ साली, म्हणजे बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्याला जेमतेम वर्ष झाले होते तेव्हा, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ भोवतालच्या खेड्यांतील माणसे आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे टेल्फर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तेथे धावले ते पीतज्वराच्या संशयाने. आफ्रिका-अमेरिकेतला तो रोग समुद्र ओलांडून आशियात शिरला की काय, ही चिंता तेव्हा जगभर होती. तपासाअंती विषाणू निराळाच निघाला. तो रशियातील गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद आहे असे दिसताच संशय वळला तो सैबेरियाकडून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांकडे. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविली. स्थलांतराविषयी त्यातून पुष्कळ ज्ञान मिळाले, परंतु पक्ष्यांवरील आरोप काही सिद्ध झाला नाही. पुढे या पाहणीतील परदेशी पैशाबद्दल थेट संसदेच्या समितीपर्यंत शंका-कुशंका गेल्या, तो इतिहास वेगळा आहे. विषाणू इथलाच होता, इथल्याच जंगलात बहुधा फार पूर्वीपासून नांदत होता, आणि माणूस जंगल तोडीत, गुरे चारीत त्याच्या घरात शिरला होता, या निष्कर्षाकडे जाणकार हळूहळू आले. सैबेरियाचे पक्षी सुटले, त्यांच्या जागी आता कणकुंबीचा काजूमजूर उभा आहे.

अनेक दशके हा रोग शिमोगा आणि त्याच्या लगतच्या जिल्ह्यांपुरता आहे असे मानले जाई. १९८०च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात तो उसळला, तेव्हा तेथे काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ करण्यात आले होते, ही गोष्ट आपल्याकडील बागायतदारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१२ नंतर मात्र त्याच्या पाऊलखुणा एकामागून एक राज्यांत उमटल्या. बंडीपूर, निलगिरी, वायनाड आणि २०१५ साली आपल्या सत्तरीतील पाली गाव. २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्याच्या केर गावी माकडे मेली आणि माणसे आजारी पडली, पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसराची पाळी आली. त्याच २०१६ च्या हंगामात गोव्यातील काजूच्या बागायतींत राबलेले बेळगाव जिल्ह्यातील मजूर तापाने फणफणले, आणि तो माकडतापच असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत निष्पन्न झाले. या मजुरांनी गोव्याला रोग दिला नव्हता. गोव्याच्या बागायतीत, गोव्याच्या काजूसाठी वाकताना तो त्यांना झाला होता. हिशेबच करायचा तर देणे आपल्या बाजूला निघते.

नकाशावर रेघा मारणारांना वाटते तसे हे रान तीन राज्यांचे नाही. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. ते पाणी पूर्वेला वाहते, आणि त्याच डोंगरमाथ्यावरून उतरणारे ओहोळ म्हादईला मिळून पश्चिमेला समुद्राकडे येतात. कर्नाटकाने २०११ साली आपल्या बाजूच्या जंगलाला भीमगड अभयारण्य म्हटले, गोव्याने १९९९ साली आपल्या बाजूला म्हादई अभयारण्य म्हटले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला तिळारीचे खोरे आले. नावे तीन झाली, रान एकच राहिले. वानराच्या कळपाला चोर्ल्याच्या फाट्यावर आपण कोणत्या राज्यात आहोत हे कळत नाही. चरायला सुटलेल्या गाईच्या अंगावरची गोचीड सकाळी एका राज्यातली असते आणि संध्याकाळी दुसऱ्या. सीमाप्रश्नावर आमचे मत वाचकांना ठाऊक आहे आणि ते येथे पुन्हा मांडण्याचे प्रयोजन नाही. परंतु सीमा कोठेही असावी असे मानणारांनी गोचिडीला ती मान्य नाही एवढे ध्यानात घ्यावे.

नाक्यावर माणसे अडविण्याची ही ओढ कोठून आली, हे शोधायला फार मागे जायला नको. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने सीमा बंद झाल्या, बेळगावची भाजी गोव्यात येईना आणि पणजीच्या बाजारात लोक रिकाम्या टोपल्यांकडे पाहत राहिले. २०२१ साली निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून कर्नाटकात जाणारांकडे तपासणीचा दाखला मागितला जाऊ लागला. त्याच वर्षी मे महिन्यात गोव्यात शिरायलाही असा दाखला उच्च न्यायालयाच्या आदेशाने आवश्यक झाला. माणसाच्या श्वासातून माणसाला होणाऱ्या रोगात या उपायांना काही अर्थ होता. तो किती होता यावर मतभेद असू शकतील, पण अर्थ होता. लोकांच्या मनात मात्र त्या दोन वर्षांनी एक समीकरण पक्के करून टाकले, की साथ म्हणजे सीमेपलीकडचा माणूस आणि उपाय म्हणजे बांबूचा अडसर. वस्तुतः प्रत्येक रोगाची वाट निराळी असते. कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याहून जाणाऱ्या गाड्यांची झडती घेऊन आसनाखाली दडविलेली दारूची बाटली हुडकून काढणारे तरबेज शिपाई आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु खसखशीएवढी गोचीड हुडकणारा शिपाई अद्याप कोणत्याच सरकारच्या नोकरीत नाही!

अडविण्याने उपयोग होत नाही एवढेच असते तर आम्ही हे लिहिण्याचा खटाटोप केला नसता. अडविण्याने अपाय होतो. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, पुढे तो पुण्यात, बेळगावात आणि दक्षिणेत पसरला. १८९७ साली सरकारने साथरोगाचा कायदा केला आणि घरोघर झडत्या, सक्तीची रुग्णालये, रेल्वे फलाटावरील तपासण्या असा अंमल सुरू केला. त्याचा परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपविले. प्रेतेही लपविली. (तोच कायदा २०२० सालीही उपयोगात आणला गेला, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) आज काजूच्या बागेत ताप आलेल्या मजुराने तो कळविला तर रोजगार जाणार, गावी ‘याने रोग आणला’ म्हणून पाणवठ्यावर कुजबुज होणार, अशी त्याची समजूत झाली तर तो काय करील? दोन गोळ्या गिळून कामावर जाईल किंवा रात्रीच्या रात्री घाट चढून घर गाठील. या रोगात पहिले चार-सहा दिवस निर्णायक असतात, आणि तेच तो लपविण्यात घालवील. रोग्याला दडायला लावणारी भीती ही गोचिडीची मदतनीस ठरते.

त्याच प्लेगच्या काळातील एक गोष्ट मात्र आज उसनी घेण्यासारखी आहे. ‘उंदीर पडला’ हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात होते. घरात उंदीर मरून पडला, की गाव उठून रानात झोपड्या बांधून राही. सूक्ष्मदर्शक यंत्र न पाहिलेल्या माणसांनी अनुभवाने ओळखलेली ती खूण होती. माकडतापाचीही अशीच खूण आहे. माकड हे या रोगाचे कारण नव्हे, माकड हे या रोगाचे पहिले भक्ष्य आहे. काळ्या तोंडाचे वानर आणि तांबड्या तोंडाचे माकड दोघेही या विषाणूने माणसाआधी मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरची भुकेली गोचीड त्याला सोडून आजूबाजूच्या पातेऱ्यात उतरते. म्हणून जेथे माकड मरते ती जागा पुढे काही काळ अत्यंत धोक्याची ठरते. रानात माकड पडले म्हणजे घंटा वाजली. ती ऐकून माकडांना दगड मारणे, त्यांना हुसकावून दुसऱ्याच्या शिवारात घालविणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. आपल्या गावाला इशारा देणारा रखवालदारच आपण त्यामुळे गमावतो.

येथे एका नाजूक विषयाला हात घालणे आम्हाला भाग आहे. माकड मेले की आपल्याकडे कित्येक गावांत त्याला मारुतीचा वंशज मानून सन्मानाने मूठमाती देतात. हळदकुंकू वाहतात, खांद्यावरून मिरवत नेतात. त्यामागची भावना आम्हाला हास्यास्पद वाटत नाही. मुक्या जिवाच्या मृत्यूपुढे हात जोडणारे गाव त्याला लाथेने दूर सारणाऱ्या गावापेक्षा केव्हाही चांगले. परंतु उघड्या हातांनी ते कलेवर उचलणे म्हणजे गोचिडीला अंगावर घेणे होय. आरोग्यखात्याची रीत अशी, की कलेवराला हात न लावता वनखात्याला किंवा पशुवैद्यकांना कळवावे. ते नमुने घेतात, कलेवर जाळतात आणि भोवतालच्या जागेवर मॅलेथिऑनची भुकटी टाकतात. आमच्या श्रद्धाळू वाचकांनी याचा थोडा विचार करावा. अग्निसंस्कारच होतो आहे, फक्त तो ज्यांच्या हातांत मोजे आहेत त्यांच्या हातून होतो आहे. नमस्कार दूरूनही पोचतो. आणि कळविलेल्या वर्दीला खात्याने त्याच दिवशी धावून आले पाहिजे. दोन दिवस कोणी फिरकले नाही, तर गावकरी तिसऱ्या दिवशी आपल्या रीतीनेच विधी उरकणार, आणि त्याचा दोष त्यांना देता येणार नाही.

आता सरकारांकडे वळू. याच कणकुंबीच्या कळसा नाल्यावरून तीन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आहेत. २०१० साली म्हादई पाणीतंटा लवाद नेमला गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. त्या निवाड्यालाही पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. गोव्याने पाण्यासाठी भांडावे हे आमचे मत कायम आहे. परंतु एकाच डोंगरावरील पाण्याचा हिशेब दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत मांडणाऱ्या या तीन सरकारांनी त्याच डोंगरावर गेल्या हंगामात किती माकडे मेली याचा एकत्र हिशेब कधी मांडून पाहिला आहे काय? भीमगडात माकड मेले तर त्याची वर्दी वाळपईच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी मिळायला हवी. दोडामार्गला रोगी आढळला तर कणकुंबीच्या डॉक्टरने उद्या येणाऱ्या तापाच्या रोग्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. हे दूरध्वनीच्या एका निरोपाचे काम आहे. त्याला लवाद लागत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. २०१८ च्या जानेवारीपासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परप्रांतीय रुग्णांकडून शुल्क घेतले जाऊ लागले, तेव्हा दोडामार्गला लोक रस्त्यावर उतरले होते. गोव्याच्या तिजोरीवरचा आणि रुग्णालयातील खाटांवरचा भार लक्षात घेता त्या निर्णयामागचा विचार आम्ही समजू शकतो. परंतु जो मजूर सत्तरीच्या बागायतीत काम करताना गोचीड चावून आजारी पडला, त्याला परप्रांतीय म्हणायचे कसे? त्याचे घर कणकुंबीला असेल, पण त्याचा रोग गोव्याचा आहे. गिरणीत हात सापडलेल्या कामगाराला आपण त्याचे गाव विचारीत नाही. माकडतापाच्या संशयित रुग्णाची तपासणी, उपचार आणि रुग्णवाहिका यांचा एक पैसाही त्याच्याकडून घेऊ नये, मग त्याच्या शिधापत्रिकेवर कोणत्याही राज्याचे नाव असो. बागायतदारांचाही यात भाग आहे. मजुरांना पायांत बूट, अंगभर कपडे, गोचिडीला दूर ठेवणारे डेपा तेल आणि संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळीची सोय देणे हा काजूच्या उत्पादनखर्चाचाच भाग मानला पाहिजे. हुर्राकाच्या आणि फेणीच्या वाढत्या कौतुकात एवढा खर्च खचित बसतो.

लशीची कथा तर मन विषण्ण करणारी आहे. बंगळूरूजवळ हेब्बाळ येथील सरकारी पशुवैद्यकीय संस्थेत तयार होणारी लस १९९० पासून जंगलकाठच्या लोकांना टोचली जात होती. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, पुढे काही महिन्यांनी तिसरी आणि नंतर दरवर्षी एक, असा तिचा क्रम. ती दुखे, आणि पुन्हा टोचून घ्यायला लोक येत नसत. पण त्याहून वाईट म्हणजे तिच्यापासून मिळणारे संरक्षणच तोकडे असल्याचे दिसून आले आणि २०२२ साली कर्नाटकाने ती देणे थांबविले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. रोग सापडून सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी भरवशाची लस जंगलकाठच्या माणसाच्या दंडापर्यंत पोचू नये याचे कारण शास्त्राच्या दुबळेपणात शोधण्याची गरज नाही. हा रोग शहरात येत नाही. विमानाने प्रवास करणाऱ्याला तो होत नाही. २०१४ च्या इबोलाने आणि २०१८ च्या केरळातील निपाहने सारा देश महिनाभर जागा झाला होता. पातेरा गोळा करणाऱ्या बाईच्या तापाला तेवढी जाग येत नाही.

नवी लस येईतो हाती आहेत ते उपाय साधे आहेत, आणि ते हंगामाआधी व्हावयास हवेत. बेळगाव, उत्तर गोवा आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपापले आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन अधिकारी बरोबर घेऊन दरवर्षी कार्तिकात एकदा एकत्र बसावे. बैठक पणजीत किंवा बेळगावात नको, कणकुंबीतच भरवावी. तिघांनाही ते रस्त्यावरचे गाव आहे, आणि ज्यांच्याविषयी बोलायचे ती माणसे तेथे समोर असतील. मेलेल्या माकडाची वर्दी कोठे द्यायची याचा एकच क्रमांक तिन्ही राज्यांच्या गावांत लागावा. कणकुंबीच्या नाक्याचाही उपयोग आहे. तेथे हंगामभर आरोग्यखात्याचा एक माणूस बसवावा. घाट उतरणाऱ्या प्रत्येक मजुराच्या हाती त्याने तेलाची बाटली आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत छापलेला कागद द्यावा, आणि घाट चढून परतणाऱ्याला एवढेच विचारावे, की ताप आहे का? असेल तर त्याला अडवू नये. गाडीत बसवून दवाखान्यात पोचवावे.